परक्या झाडाचे पै-पाहुणे

केरळात, श्रीलंकेत किंवा सिंगापुरात फिरताना अनोळखी झाड दिसले की आपण लगेच त्याचे नाव विचारतो, आणि ते मिळाले नाही की पुढे चालू लागतो. माझ्या मते झाडाचे कूळ आधी शोधावे आणि नावाकडे मागाहून वळावे. कोल्हापुरात नवखा माणूस भेटला की आपण त्याची पेठ विचारतो, त्याचे पै-पाहुणे कोण हे काढतो आणि मग तो कुठेतरी आपल्या ओळखीत बसतो. झाडाचेही तसेच करता येते. शिवाय कोल्हापूरकराला याबाबतीत एक सोय आहे. दीड-दोन तासांत गगनबावडा किंवा राधानगरीचे रान गाठता येते, घाट उतरला की फणस, कोकम, सुरंगी आणि सुपारीचा मुलूख लागतो आणि शहरातल्या जुन्या बागांतून परदेशी झाडे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. उष्ण कटिबंधातील बऱ्याच मोठ्या कुळांचा एखादा तरी प्रतिनिधी आपण रोज पाहत असतो, फक्त त्या नजरेने पाहत नाही.

सुरुवात पानापासून करावी, कारण फूल वर्षातून काही आठवडेच असते आणि उंच झाडांवर ते दिसतही नाही. पण पान कुठे सुरू होते हे आधी ठरवावे लागते. गुलमोहराचे ज्याला आपण इवलेसे पान म्हणतो ती पर्णिका असते. खरे पान म्हणजे तो हातभर लांब पिसारा. याची खूण अशी की पानाच्या देठाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात ती कधीच नसते. एवढे समजले की पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहावे. पाने समोरासमोर असतील आणि दोन देठांच्या मधोमध लहानसे त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारा पानासारखा छोटा भाग) दिसत असेल, तर ते झाड बहुधा कदंब आणि हेदूच्या कुळातले असते. कोडगूच्या मळ्यातील कॉफीचे झुडूप याच कुळातले आहे.

यानंतरची परीक्षा चिकाची. वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक यांच्या पानाचे देठ मोडले की पांढरा चीक येतो आणि कोवळ्या फांदीवर प्रत्येक पेराशी एक गोल वण दिसतो. कोंबाला झाकणारे उपपर्ण गळून पडल्यावर तो मागे राहतो. चीक आणि गोल वण या दोन खुणा एकत्र दिसल्या की इंडोनेशियातल्या देवळाला विळखा घालून बसलेले अनोळखी झाडही वडाचे भाऊबंद म्हणून ओळखू येते. फणस आणि नीरफणस याच कुळातले. मालवणकडे ज्याची कापे करतात तो नीरफणस मूळचा पॅसिफिककडचा, आणि तो कॅरिबियन बेटांवर नेण्याच्या पहिल्या प्रयत्नात 1789 मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले; कप्तान ब्लाय याने दुसऱ्या सफरीत, 1793 मध्ये, रोपे तिकडे पोहोचवली. त्यामुळे जमैकात नीरफणस दिसला म्हणून तो तिथलाच असे समजू नये.

चीक पिवळा असेल आणि जाड, चकचकीत पाने समोरासमोर असतील तर कोकम आठवावे. मँगोस्टीन हे कोकमाचे सख्खे नातलग आहे. त्याच्या फळाच्या तळाशी फुलासारखी एक नक्षी असते. तिला जितके भाग, तितक्याच आत फोडी. विक्रेत्यासमोर फळ न फोडता फोडी सांगून दाखवण्याचा मोह मला तरी आवरत नाही.

मात्र अनोळखी झाडाचे पान सरसकट मोडू नये. बिब्बा उतणे म्हणजे काय हे आपल्याकडे ठाऊक आहे, आणि बिब्बा तर काजू-आंब्याच्याच कुळातला. कॅरिबियन किनाऱ्यावरील मँचिनील नावाचे झाड याहून घातक असून पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी ठिबकणाऱ्या पाण्यातून चीक अंगावर येतो आणि फोड उठतात. परक्या मुलखात स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पानाला हात लावू नये, हे बरे.

चीक नसलेले, निर्धोक असल्याची खात्री झालेले पान उजेडासमोर धरावे. त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर दोन शक्यता राहतात: लिंबू, बेल आणि कढीपत्त्याचे कूळ किंवा जांभूळ, पेरू आणि निलगिरीचे कूळ. चुरगळून वास घेतला की बहुधा निवाडा होतो. लवंग जांभळाची जवळची नातेवाईक आहे, हे त्या पानाच्या कडेने धावणाऱ्या शिरेवरून पटते. दालचिनीच्या पानात तीन ठळक शिरा बुडापासून निघतात, त्यामुळे मसाल्याच्या बागेत ती पाटीशिवाय सापडते.

माणसांनी सांगितलेली ओळख मात्र तपासून घ्यावी. श्रीलंकेत बौद्ध विहारांच्या आवारात खोडावरच मोठी गुलाबी फुले आणि तोफगोळ्याएवढी फळे धरणारे झाड दाखवून ते ‘साल’ असल्याचे सांगतात. हे आपल्याकडे देवळांजवळ लावतात तेच कैलासपतीचे झाड, आणि ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. बुद्धांचे महापरिनिर्वाण ज्या सालवृक्षांमध्ये झाले असे परंपरा सांगते, तो साल उत्तर भारतातील असून त्याची फुले लहान, फिकी आणि फळे पंखांची असतात. श्रद्धेला यामुळे बाधा येत नाही, पण वहीत नोंद करताना दोन्ही वेगळे ठेवावेत.

याच कारणाने शहरातले झाड आणि रानातले झाड यांचा हिशेब वेगळा असतो. उष्ण प्रदेशातील शहरांच्या रस्त्यांवर तीच ती झाडे लावलेली असतात: मादागास्करचा गुलमोहर, अमेरिकेचा वर्षावृक्ष, आफ्रिकेची पिचकारी, आग्नेय आशियाचा सोनमोहर. हॉटेलांच्या दारात पंख्यासारखा पसरलेला ‘ट्रॅव्हलर्स पाम’ तर पामच नव्हे. तो मादागास्करचा असून ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ या फुलझाडाच्या कुळातला आहे.

‘प्लँटनेट’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’ ही ॲप्स मी वापरतो, पण ती नुसत्या फुलाच्या छायाचित्रावर पुष्कळदा बागेतली लोकप्रिय जात सुचवतात. पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, पाने लागलेली फांदी, फळ आणि मापासाठी शेजारी एक नाणे, एवढी छायाचित्रे घेतली तर उत्तर निदान प्रजातीच्या गटापर्यंत भरवशाचे येते. घनदाट रानात खाली पडलेले पान त्याच झाडाचे असेल असे नाही, वर चढलेल्या वेलीचेही असू शकते. म्हणून एका पानावर विसंबू नये. सुचवलेले शास्त्रीय नाव मी लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर पाहतो. तिथे प्रत्येक जातीचा मूळ प्रदेश नकाशावर दाखवलेला असतो, आणि बोर्निओच्या आतल्या रानात पाहिलेल्या झाडाचा नकाशा फक्त ब्राझीलवर रंगलेला निघाला, तर पुन्हा पानाच्या देठापासून सुरुवात करावी लागते.