यूएल ५४ने खाल्लेले बारा दिवस

एमएस्सीच्या प्रबंधाला मी हर्पिस कुळातल्या पाच विषाणूंच्या डीएनए पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं प्रोटीन) जीनची तुलना घेतली होती. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नागीण ना?" चूक नव्हती तिची. कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूच्या, आणि तो माझ्या यादीत होताच.

जेनबँक या जीनांच्या ऑनलाइन संग्रहातून सिक्वेन्स, म्हणजे जीनांची अक्षरमाळ, उतरवायला अर्धा तास लागला. यादीतल्या सायटोमेगॅलो विषाणूत पॉलिमरेजच्या जीनला यूएल ५४ म्हणतात, म्हणून हर्पिस सिम्प्लेक्स १ आणि २ मधलेही यूएल ५४च उचलले. कांजिण्यांच्या विषाणूत यूएल-बिएल नाही, नुसते ओआरएफचे (प्रोटीनची कृती असलेल्या डीएनएच्या पट्ट्याचे) आकडे. तिथे प्रोटीनच्या नावानं शोधून ओआरएफ २८ घेतला, पाचव्या, एपस्टाइन-बार विषाणूतून बीएएलएफ ५.

अलाइनमेंट लावली, म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवले. दोन्ही सिम्प्लेक्स एकमेकांना झकास जुळले, बाकीच्यांसमोर नुसत्या रेघाच रेघा, म्हणजे न जुळलेल्या मोकळ्या जागा. त्यावरून काढलेल्या नात्यांच्या झाडात कांजिण्यांचा विषाणू सायटोमेगॅलोच्या शेजारी! तो तर सिम्प्लेक्सचा चुलतभाऊ, दोघंही अल्फा उपकुळातले. मी दोष दिला मॅफ्टला, जुळवणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला. गॅप पेनल्टी (मोकळ्या जागांसाठी कापायचे गुण) बदलल्या, दुसरं सॉफ्टवेअर लावलं, रात्री लॅबमध्ये बसले. बारा दिवस! मार्गदर्शक मॅडमना विचारायची लाज वाटत होती, हे खरं कारण.

शेवटी लांबी मोजली. सायटोमेगॅलोचं प्रोटीन १२४२ अमिनो आम्लांचं, सिम्प्लेक्सचं ५१२. यूएल म्हणजे जीनोमचा लांब, एकमेव भाग, आणि पुढचा आकडा हा फक्त त्या विषाणूतला क्रमांक. सिम्प्लेक्सचं यूएल ५४ म्हणजे आयसीपी २७, वेगळंच नियंत्रक प्रोटीन. सिम्प्लेक्सचं पॉलिमरेज यूएल ३०. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांत एकेक बंड्या असावा, तसं. (बीएएलएफ ५ निदान पत्ता तरी सांगतं: बॅमएचआय या डीएनए कापणाऱ्या प्रोटीननं पाडलेला ए तुकडा, डावीकडे वाचायची पाचवी फ्रेम.)

हो, डीएनए नको, प्रोटीनच जुळवा. सिम्प्लेक्स १ मध्ये जीसी (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) ६८ टक्के, कांजिण्यांच्या विषाणूत ४६. डीएनए पाहून नातं कळणं कठीण.

यूएल ३० घातल्यावर पाचही ओळींत एकाखाली एक उभं राहिलं: वाय जी डी टी डी एस. सहा अमिनो आम्लांची अक्षरं, पॉलिमरेजचा गाभाच तो. मी स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर: "जेवलीस का?"

मॅडम म्हणाल्या, "आता ग्लायकोप्रोटीन बी घे." ते विषाणूच्या आवरणावरचं प्रोटीन. सायटोमेगॅलोत ते यूएल ५५, सिम्प्लेक्समध्ये यूएल २७. आधी लांबी पाहिली. दोन्ही नऊशेच्या आसपास.