आधी पागा पाहावी, मग रिंगण

घोडेस्वारी शिकण्याच्या इच्छेने शाळा पाहायला गेलेल्या माणसाचे पाय आपसूक रिंगणाकडे वळतात. तिथे कोणी डौलात दौडत असते, प्रशिक्षकाच्या सूचना ऐकू येत असतात आणि आपणही लवकरच अशी मांड ठोकून बसू, असे मनात येऊ लागते. माझे मत असे आहे की, रिंगणाकडे जाण्याआधी पागेत जावे आणि तिथले घोडे आपापल्या ठाणावर, म्हणजे बांधण्याच्या जागी, कसे उभे आहेत, ते निवांत पाहावे. जुन्या पद्धतीच्या अश्वारोहण शाळेत शिकवणी आणि पागा ही एकाच कामाची दोन अंगे असतात. जिथे घोड्याचा दिवस नीट जात नाही, तिथे तासाभराच्या शिकवणीतून माणसाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

पागेत पहिल्यांदा नजर जावी ती घोड्यासमोरच्या गवताकडे. घोड्याचे जठर त्याच्या शरीराच्या मानाने फारच लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते आणि त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहते, मग पोटात काही असो वा नसो. निसर्गात हा प्राणी दिवसाचे १६-१६ तास थोडे थोडे चरत असतो. त्यामुळे दोन वेळा भरपूर चंदी, म्हणजे दाणा, घालून मधले सगळे तास त्याला रिकाम्या तोंडी उभे करणे म्हणजे त्याच्या जठराला व्रण पाडण्याची व्यवस्था करणे होय. साधारण ५०० किलो वजनाच्या घोड्याला रोज निदान साडेसात ते दहा किलो कोरडा चारा लागतो, आणि हवा व काम यांनुसार २५ ते ५० लिटर पाणी. चंदी ही कामाच्या प्रमाणात द्यायची पुरवणी आहे, खरे अन्न चाराच, ही गोष्ट जिथल्या मोतद्दारालाही, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसालाही, पक्की ठाऊक असते, ती शाळा मला विश्वासार्ह वाटते.

दुसरी नजर घोड्यांच्या वागण्यावर असावी. ठाणाच्या दाराची कड दातांत धरून हवा आत ओढणारा, किंवा जागच्या जागी डावीउजवीकडे डोलत राहणारा घोडा हा 'खोडकर' नसतो. बंदिस्तपणा, चाऱ्याची तूट आणि एकटेपणा यांतून जडलेल्या या सवयी आहेत. एखाद्या घोड्याला ती सवय जुन्या जागेतून लागलेली असू शकते. पण ओळीने चार-पाच घोडे तसे दिसले, तर त्या पागेच्या दिनक्रमातच काहीतरी चुकते आहे, असे समजावे. घोडा हा कळपातला प्राणी असल्याने त्याला रोज काही तास मोकळ्या कुरणात, इतर घोड्यांच्या सहवासात सोडतात की नाही, हेही विचारावे. उत्तर देताना शाळेचा माणूस अडखळला, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

आता शिकवणीविषयी. परंपरा मानणाऱ्या शाळेत पहिला धडा जमिनीवर होतो, आणि तो उरकायचा विधी म्हणून होत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जायचे. मग खरारा करायचा, म्हणजे ब्रशने अंग साफ करायचे: मानेपासून मागे, केसांच्या कलाने, आणि जिथे खोगीर व तंग (खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा) बसणार तिथे हाताने चाचपून पाहायचे, कारण तिथे राहिलेला मातीचा एक खडाही तासाभरात कातडी सोलून काढतो.

खूर साफ करण्याचे काम तर मी नवशिक्याला आवर्जून पाहायला आणि करायला सांगेन. घोड्याच्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे आणि तळहात पायाच्या मागच्या बाजूने हळूहळू खाली सरकवत न्यायचा. शिकवलेला घोडा हात घोट्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि खूर आपल्या ओंजळीत देतो. तळाशी मधोमध एक त्रिकोणी, रबरासारखा चिवट भाग असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल खाचा. खूर साफ करण्याची आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवत या खाचांतली माती, लीद आणि अडकलेले खडे काढायचे. मधल्या त्या त्रिकोणी भागाला टोक लागू द्यायचे नाही. खाचेतून काळपट ओल आणि कुजका वास आला, तर ठाण ओले राहते आहे आणि खूर सडू लागला आहे, हे तिथल्या तिथे कळते. ज्याने हे स्वतःच्या हातांनी केले आहे, त्याला पुढे घोडा अडखळत चालला तर कुठे पाहायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

तंग आवळतानाही अशीच सावकाशी हवी. एकदम करकचून आवळले की बरेच घोडे पोट फुगवून धरतात आणि थोड्या वेळाने तंग सैल पडतो. म्हणून एकेक भोक करत आवळावे, चढण्यापूर्वी पुन्हा पाहावे आणि काही मिनिटे चालवल्यावर आणखी एकदा पाहावे.

यानंतरचा टप्पा लांब दोरीचा, म्हणजे लाँजचा. प्रशिक्षक मध्यभागी उभा राहतो, घोडा त्याच्याभोवती दोरीच्या टोकाला गोल फिरतो आणि स्वाराच्या हाती लगाम दिलेला नसतो. घोडा आवरण्याचे काम दुसऱ्याकडे असल्यामुळे स्वाराला एकाच गोष्टीकडे लक्ष देता येते, ती म्हणजे मांड, खोगिरावरची बैठक. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये, जिचा उल्लेख १५६५ पासून सापडतो आणि जिचे आजचे रिंगण १७३५ मध्ये बांधून पूर्ण झाले, नव्याने आलेल्या शिकाऊ स्वारांना सुरुवातीचा दीर्घ काळ लाँजवर, लगामाशिवाय आणि रिकिबीशिवाय (पाय ठेवायच्या कड्यांशिवाय) बसवतात. तिथला कसलेला, वयस्क लिपिझानर जातीचा घोडा हाच त्यांचा पहिला शिक्षक असतो. २०१५ मध्ये युनेस्कोने या शाळेच्या अश्वविद्येची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, ती केवळ घोड्यांच्या नेत्रदीपक उड्यांसाठी नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आणि प्रत्यक्ष देत आलेल्या या शिकवणीचाही त्यात वाटा आहे.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी लाँजचे धडे गाळून पहिल्याच दिवशी लगाम हातात देतात, कारण शिकणाऱ्याला लवकर दौडायचे असते. याला माझा मनापासून विरोध आहे. ज्याची मांड पक्की नाही तो तोल जाताच लगाम ओढतो, आणि लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात, जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या नाजूक हिरड्यांवर असते. नवशिक्याचा प्रत्येक धक्का तिथे बसतो. काही महिन्यांत असा घोडा तोंडाने बधिर होतो, मग त्याच्यासाठी अधिक कडक लगाम आणला जातो, आणि दोष घोड्याच्या माथी मारला जातो. लाँजवर घालवलेले तास स्वाराच्या सोयीचे आहेतच. पण मला ते घोड्याच्या तोंडाची राखण म्हणून जास्त मोलाचे वाटतात.

मांड म्हणजे ताठ बसणे नव्हे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत, पावलाचा पुढचा भाग रिकिबीत, टाच किंचित खाली, आणि कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलण्याइतकी मोकळी. साध्या चालीत चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. दुडकीत तिरपे समोर येणारे पाय (एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा) जोडीने पडतात, म्हणून दोनच ठोके. कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय अधांतरी. दुडकीत एका ठोक्याला उठायचे आणि दुसऱ्याला हलकेच बसायचे असते. वळणावर घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचे, म्हणजे आतल्या मागच्या पायाला स्वाराच्या वजनाच्या अडथळ्याशिवाय पुढे यायला मदत होते. सुरुवातीला सगळे जण खांद्याकडे टक लावून बसतात. चांगला प्रशिक्षक काही दिवसांनी मान वर करायला लावतो आणि कोणता पाय कधी उठतो ते कंबरेतून ओळखायला शिकवतो. ज्या दिवशी हे ओळखता येते, त्या दिवसापासून घोड्याशी खरे संभाषण सुरू होते.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने घोड्यांविषयी लिहून ठेवले आहे. जोरजबरदस्तीने घोडा जे करतो ते समजून केलेले नसते, आणि चाबकाने नाचवलेल्या नर्तकाच्या नाचाइतकेच ते कुरूप असते, असे त्याचे म्हणणे. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, हेही त्यानेच बजावले. दोन हजारांहून अधिक वर्षांनी या उपदेशात बदल करावा असे काही सापडलेले नाही. ज्या शाळेत प्रशिक्षक घोड्यावर किंवा विद्यार्थ्यावर ओरडतो, तिथून मी निघून जाण्याचाच सल्ला देईन.

पोशाखाविषयी थोडक्यात: डोक्याला नीट बसणारे, पट्टा बांधलेले हेल्मेट, आणि लहान टाचेचे, गुळगुळीत तळाचे बूट, जेणेकरून पाऊल रिकिबीत अडकणार नाही. बाकी सर्व नंतर. शाळेने स्वाराचे वजन विचारले तर राग मानू नये. स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा नियम पाळणारी शाळा घोड्यांच्या पाठीची काळजी घेते.

शिकता शिकता पुष्कळांना स्वतःचा घोडा हवासा वाटतो, आणि घरी जागा नसल्याने तो शाळेच्या पागेत ठेवण्याचा, म्हणजे लिव्हरीचा, विचार पुढे येतो. पूर्ण लिव्हरीत चारा, ठाणाची सफाई, खरारा, कुरणात नेणे-आणणे हे सर्व पागेची माणसे करतात. दुसऱ्या टोकाला केवळ ठाण आणि कुरण मिळते, बाकी कामे मालकाने सकाळ-संध्याकाळ स्वतः येऊन करायची. या दोहोंच्या मधले प्रकारही असतात. आणखी एक प्रकार असा की शाळा घोडा शिकवणीसाठी वापरते आणि त्या बदल्यात मालकाचा खर्च हलका करते. हा शेवटचा प्रकार वरवर दोघांच्या सोयीचा दिसतो, पण त्यात घोड्याच्या वाट्याला काय येते ते नीट पाहिले पाहिजे. दिवसाला किती तास काम, कोणत्या पातळीचे विद्यार्थी बसणार आणि आठवड्यात सुट्टी कधी, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी कोणाला त्यात पडू देणार नाही. घोडा तरुण असेल तर मुळीच नाही. नवशिक्यांना सांभाळणे हे मुरलेल्या घोड्याचे काम आहे.

झेनोफोननेच असेही सुचवले होते की ठाण अशा जागी असावे जिथे घोडा मालकाच्या नजरेस वारंवार पडेल, म्हणजे गव्हाणीतला दाणा चोरीला जाणार नाही. पूर्ण लिव्हरी घेतलेल्या मालकाने हे विशेष लक्षात ठेवावे. पागेवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्न नाही. घोड्यात होणारे लहान बदल रोज पाहणाऱ्या डोळ्यांनाच दिसतात. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. पण आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे कोणते, ते मालकाने स्वतः मोजून लिहून ठेवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ हा त्याच्यासाठी जिवावरचा आजार ठरू शकतो. चारा सोडणे, वळून वळून कुशीकडे पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, पुन्हा पुन्हा लोळणे, लीद न पडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याला बोलवावे. इथे 'थोडी वाट पाहू' असे म्हणून चालत नाही.

म्हणूनच पागेशी करार करताना शुल्कापेक्षा पुढील प्रश्न आधी सोडवावेत. मालकाशी संपर्क झाला नाही, तर रात्री पशुवैद्याला बोलावण्याचा अधिकार कोणाला, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर निर्णय कोणाचा? नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो का, आणि त्या वेळी घोडा धरायला कोण उभे राहते? धनुर्वाताची लस, दातांची तपासणी आणि लीद तपासून दिलेले जंतांचे औषध यांची नोंद कुठे ठेवतात? नव्याने आलेल्या घोड्याला निदान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवतात का? हा शेवटचा प्रश्न आपला घोडा नवा असतो तेव्हा जाचक वाटतो, कारण त्याला एकटे उभे करावे लागते. पण संसर्गजन्य रोग पागेत शिरला की साऱ्या ठाणांना कुलूप लागते. जी पागा आपल्या घोड्यासाठी हा नियम मोडायला तयार होते, ती उद्या दुसऱ्याच्या घोड्यासाठीही मोडेल.

घोडा घेण्याची घाई मात्र करू नये. एखादे वर्ष शाळेच्याच निरनिराळ्या घोड्यांवर बसावे. आळशी घोडा पायांचा वापर शिकवतो, तापट घोडा हात हलका ठेवायला लावतो, आणि एकाच घोड्यावर शिकलेल्या स्वाराला यांतले एकच काहीतरी येते. त्यानंतर काही महिने त्याच शाळेतला एखादा घोडा अर्ध्या वाट्याने सांभाळायला मिळतो का, ते विचारावे. पावसात, उन्हात, कामावरून थकून आल्यावरही ठाण साफ करावेसे वाटते की नाही, हे त्यात कळते. आणि शाळेला आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: इतकी वर्षे नवशिक्यांना पाठीवर वागवलेले तुमचे घोडे म्हातारे झाले की कुठे जातात? चांगल्या शाळेत याचे उत्तर तोंडी मिळत नाही. तिथला मोतद्दार सरळ मागच्या कुरणाकडे घेऊन जातो आणि एकेका घोड्याचे नाव, वय आणि दुखणे सांगू लागतो.