नोंद २३ : 'द कोअर' आणि जिन्यावरून सोडलेली पृथ्वी

मंडळी, यादीतला तेविसावा आपत्तीपट पाहून झाला : पृथ्वीच्या गाभ्याकडे निघालेल्या यानाचा 'द कोअर'. नियम नेहमीचेच. आधी सिनेमा, मग वहीत स्वतःचे शेरे, आणि त्यानंतरच त्या वर्षीची परीक्षणं. या वेळी मध्येच एक उद्योग वाढला. दुकानात बिलाला वापरतात तो कागदाचा रोल आणला आणि १ सेंटिमीटरला १० किलोमीटर धरून पृथ्वीची त्रिज्या आखली. ६,३७१ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ६ मीटर ३७ सेंटिमीटर. हॉलमध्ये मावेना, म्हणून जिन्यावरून खाली सोडली. शेजारच्या काकू वळसा घालून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

वरच्या पायरीवर जमीन. रशियातल्या कोला इथे संशोधनासाठी घेतलेलं भोक १२ किलोमीटरच्या जरा पुढे गेलंय, ते कागदावर सव्वा सेंटिमीटर. आपल्या कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेलं ३ किलोमीटरचं भोक ३ मिलिमीटर. बाह्य गाभा लागतो २ मीटर ८९ वर, आतला घन गाभा ५ मीटर १५ वर. एवढं आखून दुसऱ्यांदा सिनेमा लावला, आणि व्हर्जिल नावाचं यान सहा माणसांना घेऊन खडक भेदत निघालं तेव्हा नजर सारखी त्या सव्वा सेंटिमीटरकडे जात होती.

कथा थोडक्यात : बाह्य गाभा फिरायचा थांबलाय, चुंबकीय क्षेत्र ढासळतंय, तर अणुबॉम्ब फोडून त्याला पुन्हा गती द्यायची. वहीतला पहिला प्रश्न : एवढा प्रचंड द्रव लोखंडाचा गोळा थांबला, तर त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, गेला कुठे? त्याचं उत्तर सिनेमात नाही. पण माझ्या मते त्याहून मोठी चूक, क्षेत्र ढासळल्यावर सूर्याच्या सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल वितळतो तिथे आहे. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कण वळवतं, सूक्ष्मलहरी अडवत नाही. शिवाय सूर्याकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी इतक्या क्षीण की चहासुद्धा गरम व्हायचा नाही. ट्रॅफल्गर चौकात कबुतरं सैरभैर होतात तो प्रसंग मात्र जमलाय. कबुतरांना चुंबकीय क्षेत्राची जाण असते, फक्त दिसेल तिथे धडकावीत इतकी ती आंधळी नसतात.

आता परीक्षणं. सिनेमा आला २८ मार्च २००३ ला, कोलंबिया यान आणि कल्पना चावला गेल्याला आठ आठवडेही झाले नव्हते, आणि सुरुवातीलाच एक शटल भरकटून लॉस एंजेलिसच्या नदीपात्रात उतरतं. ते दृश्य आजही मला सहज बघवत नाही. विज्ञानावरून खिल्ली उडणार हे धरूनच चाललो होतो. खरी गंमत अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टच्या परीक्षणात सापडली. तारे चारपैकी अडीच, पण मजकूर असा की या सिनेमावर अकारण जीव जडलाय, शिफारस करायचा मोह आवरायला स्वतःला चापट मारून काळी कॉफी प्यावी लागतेय! माझ्या वहीतही सहा पानं चुकांची, आणि खाली 'पुन्हा बघणार'. श्रेय नटांना. स्टॅन्ली टुचीचा अहंमन्य शास्त्रज्ञ आणि डेलरॉय लिंडोचा यान बनवणारा एकमेकांवर खार खात बसतात, तेव्हा संवेग गेला खड्ड्यात.

एक जोड हाती लागली. त्याच वर्षी मे महिन्यात डेव्हिड स्टीव्हन्सन या अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या शास्त्रज्ञाने 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत गाभ्यात जायची युक्ती मांडली, काहीशी थट्टेच्या सुरात पण गणितासकट. माणसं नाहीत. जमिनीत भेग पाडायची, तीत १ लाख ते १ कोटी टन वितळलेलं लोखंड ओतायचं आणि सोबत पपनसाएवढं उपकरण सोडायचं. लोखंडाच्या वजनानेच भेग खाली सरकत जाणार, आठवड्याभरात मुक्काम. रोलवर हा मार्ग लाल शाईने काढलाय.

राहिलेलं काम : व्हर्जिलमधलं कोण किती खोलीवर मरतं त्या खुणा. त्यासाठी तिसऱ्यांदा, थांबवत थांबवत बघावा लागेल. कागद तोवर जिन्यावरच आहे.