एक तारांकित प्रश्न आणि हातून गेलेले दोन सोमवार

लोकसभेच्या दिवसभराच्या कामकाजाची जी यादी आधी प्रसिद्ध होते, तिच्या सुरुवातीला साधारणपणे एकच ओळ असते: वेगळ्या याद्यांमध्ये नोंदवलेले प्रश्न विचारले जातील आणि त्यांची उत्तरे दिली जातील. या ओळीमागच्या यादीत आमचा एक तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यावर मंत्र्यांना सभागृहात उलट प्रश्न विचारता येतात असा प्रश्न, यावा, यासाठी मी लालबागहून आमच्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात नऊ फेऱ्या मारल्या. प्रश्न शेवटी यादीत आला याचा मला अभिमान आहे, पण त्या नऊपैकी सहा फेऱ्या केवळ एक तारीख कोणालाच ठाऊक नसल्यामुळे झाल्या, आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

मी 2011 साली भांडुपच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. एकतीस वर्षे लेथवर काम केले. ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेतून मला दरमहा जेमतेम 1,900 रुपये मिळतात, आणि आमच्या निवृत्त कामगारांच्या गटात मी त्यातल्या त्यात बरा समजला जातो. एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, त्यांना 1,000 रुपये मिळतात. ही किमान रक्कम केंद्र सरकारने 1 सप्टेंबर 2014 पासून लागू केली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2013 मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने किमान 3,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. ही शिफारस का स्वीकारली नाही, याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून द्यावे, एवढीच आमची इच्छा होती.

दिवाळी झाल्यावर आम्ही चार पानी पत्र लिहिले, अठ्ठावीस जणांच्या सह्या घेतल्या आणि मी ते कार्यालयात नेऊन दिले. तिथे दारापाशी एका टेबलावर आवक नोंदवही होती, तिला सुतळीने पेन बांधलेले होते, आणि भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसे बसलेली होती. बहुतेकांना परळच्या रुग्णालयांसाठी शिफारसपत्र हवे होते, काहींना गावी जायला रेल्वेच्या राखीव कोट्यातून तिकीट हवे होते, दोघे-तिघे शाळाप्रवेशासाठी आले होते. ही कामे तातडीची असतात, आणि त्या माणसांच्या आधी माझे पत्र वाचावे असे मला त्या दिवशीही वाटले नाही. नोंदवहीत नोंद झाली. मी पोच मागितली, तेव्हा "काका, वहीत चढलं म्हणजे झालं, दिल्लीला पाठवतो," असे उत्तर मिळाले आणि मी परत आलो. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला, तर पुढच्या प्रत्येक फेरीत आपले म्हणणे ऐकून घेतले जाते.

आठवड्याने गेलो, तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. त्यानंतर गेलो, तेव्हा पत्र दिल्लीच्या निवासस्थानी पाठवल्याचे सांगण्यात आले. अधिवेशन सुरू व्हायला अजून दोन आठवडे आहेत, घाई कसली, असेही वर ऐकावे लागले, आणि मलाही ते त्या वेळी पटले.

ते किती चुकीचे होते, हे आमच्या चाळीत राहणाऱ्या आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मला दाखवले. अधिवेशन बोलावल्यावर लोकसभा सचिवालय एक तक्ता प्रसिद्ध करते आणि तो संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. कोणत्या मंत्रालयाचे प्रश्न कोणत्या वारी घेतले जातील, त्या दिवसासाठी प्रश्नाची सूचना (नोटीस) देण्याची शेवटची तारीख कोणती आणि आलेल्या सूचनांमधून प्रश्न निवडण्याची सोडत कधी निघणार, हे सारे त्यात दिलेले असते. मंत्रालये पाच गटांत वाटलेली असतात आणि आठवड्याचा एकेक वार एकेका गटाकडे असतो. लोकसभेत कामगार मंत्रालयाचा वार सोमवार. सूचना बैठकीच्या किमान पंधरा पूर्ण दिवस आधी पोहोचावी लागते. सूचनेचा दिवस आणि बैठकीचा दिवस, दोन्ही त्या पंधरांत धरले जात नाहीत. म्हणजे अधिवेशन सुरू होण्याआधीच त्याच्या पहिल्या सोमवारचे दार बंद झालेले असते. आमच्या त्या हिवाळी अधिवेशनात मोजून तीन सोमवार होते, आणि त्यातला पहिला मी खुर्चीवर बसून राहिलो तेवढ्यात निघून गेला होता.

तो तक्ता छापून घेऊन मी चौथ्यांदा कार्यालयात गेलो. ज्येष्ठ स्वीय सहायकांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला आणि विचारले, "अधिवेशन सुरूच झालं नाही, मग तारीख कशी संपेल?" त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. मला राग आला तो इथे. ज्या कार्यालयातून लोकांचे म्हणणे संसदेत जायचे, तिथल्या भिंतीवर वाढदिवसांचे फलक होते, उत्सवांच्या छायाचित्रांची रांग होती, पण हा एका पानाचा तक्ता नव्हता. मी त्यांना दुसऱ्या सोमवारची शेवटची तारीख लाल पेनाने खूण करून दिली. अजून तीन दिवस हातात होते.

पाचव्या फेरीत पत्रच सापडेना. दिल्लीला गेले म्हणत होते, पण पाठवल्याची नोंद जावक वहीत नव्हती. मी स्वतः तिथल्या मुलाबरोबर बसून फाइली उपसल्या, तेव्हा ते वैद्यकीय मदतीच्या जाड फाइलमध्ये, डायलिसिसच्या दोन अर्जांच्या मध्ये टाचलेले निघाले. पत्राच्या विषयात "निवृत्त कामगारांना मदत मिळणेबाबत" असे लिहिले होते, आणि मदत हा शब्द पाहून कोणीतरी ते तिथे लावले होते. विषयाची ओळ लिहिताना "लोकसभेत विचारावयाचा प्रश्न, कामगार मंत्रालय" असे ठळक लिहा आणि त्याखाली शेवटची तारीख द्या. माझे पत्र तीन आठवडे पडून राहिले, ते या एका ओळीमुळे.

सहाव्या फेरीत कळले की चार पानांचे मराठी पत्र हा प्रश्न होत नाही. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसावा लागतो, त्यात युक्तिवाद, आरोप किंवा मत चालत नाही, आणि तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मी विनंती केली की आज शेवटचा दिवस आहे, आपण इथेच बसून मसुदा करू. सहायकांना एका कार्यक्रमाला जायचे होते. "उद्या सकाळी पहिलं काम तुमचं," असे ते मनापासून म्हणाले आणि निघाले. मी रिकाम्या होत जाणाऱ्या खोलीत संध्याकाळी साडेसातपर्यंत बसलो. उद्या सकाळी त्या कामाला काही अर्थ उरणार नव्हता, कारण एक दिवसाचा उशीर म्हणजे सोमवारच्या हिशेबाने एक आठवड्याचा उशीर, आणि आता एकच सोमवार शिल्लक होता. रस्त्यावर आलो, तेव्हा पत्रावर सह्या केलेल्या अठ्ठावीस जणांना काय सांगायचे, हेच मला सुचत नव्हते.

त्या रात्री ती मुलगी आणि मी मिळून मसुदा केला. माझ्या मूळ पत्रात वाढीव पगारावरच्या पेन्शनचा, म्हणजे ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2022 रोजी निकाल दिला, तो मुद्दाही मिसळला होता. तो काढून टाकला. न्यायालयांत असलेल्या बाबींवर प्रश्न घेत नाहीत, आणि त्या निकालाच्या अंमलबजावणीवरून अजून खटले चालू होते. एका प्रश्नात एकच विषय ठेवावा. चार भाग केले: किमान रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव आहे काय, 2013 च्या शिफारशीवर काय कार्यवाही झाली, नसल्यास कारणे काय, आणि महागाईशी ही रक्कम जोडण्याचा विचार आहे काय.

आठव्या फेरीत मी ज्येष्ठ सहायकांची वाट पाहिली नाही. संगणकावर बसणाऱ्या एका तरुण मुलाला तो कागद दिला. त्याने दोनदा वाचला, मंत्रालयाचे नाव बरोबर आहे ना ते तपासले, आणि माझ्यासमोर टाइप करून दिल्लीतील सहकाऱ्याला पाठवून दिला. तिथून खासदारांच्या खात्यातून सूचना ऑनलाइन दाखल झाली. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले. पण घरी येताना बसमध्ये बसलो असता, पाच आठवडे ज्यासाठी घालवले ते काम पंचवीस मिनिटांचे होते, या विचाराने मला समोरचे दिसेनासे झाले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपले खासदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, मग शेजारच्या मतदारसंघाच्या किंवा राज्यसभेच्या सदस्यांकडे जावे. महाराष्ट्राचे राज्यसभेत एकोणीस सदस्य आहेत, आणि तिथे कामगार मंत्रालयाचा वार गुरुवार असतो. मला हे आधी ठाऊक असते, तर हुकलेल्या सोमवारांच्या बदल्यात गुरुवार तरी हाती लागले असते.

सोडतीत आमचा प्रश्न निघाला. नवव्या फेरीत त्या मुलाने मला यादी दाखवली. एका दिवसाच्या तारांकित यादीत वीस प्रश्न असतात आणि एका सदस्याचा त्यात एकच असू शकतो. आमचा चौदावा होता, आणि त्याच्या क्रमांकाच्या आधी ती छोटी चांदणी छापलेली होती. मी तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिलो.

त्या सोमवारी सकाळी आम्ही अकरा जण मंडळाच्या खोलीत जमलो आणि संसद टीव्ही लावला. वहिनी पिशवीत पासबुक घेऊन आल्या होत्या. कोणी ते मागितले नव्हते. अकराला अध्यक्षांनी पहिला प्रश्न पुकारला. तारांकित प्रश्नाचे मूळ उत्तर लेखीच असते, मंत्री ते सभापटलावर ठेवल्याचे सांगतात, आणि मग प्रश्नकर्त्याचे व इतर सदस्यांचे पुरवणी प्रश्न सुरू होतात. पहिल्याच प्रश्नाला सोळा मिनिटे लागली. दुसऱ्याला दहा. प्रत्येक पुरवणी प्रश्नाबरोबर आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. सातवा प्रश्न चालू असताना बारा वाजले आणि प्रश्नोत्तराचा तास संपला. टीव्हीवर लगेच सभापटलावर ठेवायच्या कागदपत्रांची नावे पुकारली जाऊ लागली. वहिनींनी विचारले, "आपला झाला का?" आणि मला त्यांना समजावून सांगावे लागले की न पुकारलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात सभापटलावर ठेवली असे मानतात. उत्तर मिळते, पण मंत्र्यांना उलट प्रश्न विचारण्याची संधी जाते.

म्हणून ज्याला केवळ सरकारचे लेखी उत्तर हवे आहे, त्याने अतारांकित प्रश्नच मागावा, असे माझे मत झाले आहे. त्या यादीत दिवसाला 230 प्रश्न असतात, उत्तर लेखीच असते आणि सोडतीत अगदी वरचा क्रमांक लागण्याची गरज राहत नाही. तारांकितचा हट्ट मी धरला होता, कारण मला मंत्र्यांचा आवाज ऐकायचा होता. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

संध्याकाळी त्या मुलीने उत्तराची प्रत काढून आणली. आम्ही चार भाग वेगवेगळे विचारले होते. उत्तर मात्र "(क) से (घ)" असे एकत्र होते. त्यात लिहिले होते की या योजनेचा निधी मालकाच्या 8.33 टक्के आणि केंद्र सरकारच्या 1.16 टक्के अंशदानातून, 15,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर उभा राहतो. 31 मार्च 2019 च्या मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे. आणि किमान 1,000 रुपये देण्यासाठी सरकार अर्थसंकल्पातून साह्य करते. 2013 च्या शिफारशीबद्दल एकही वाक्य नव्हते. मी ते उत्तर तीनदा वाचले आणि त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलीने खूण केली.

पुढच्या अधिवेशनासाठी नवा मसुदा तयार आहे. या वेळी त्यात एकच भाग आहे, तो त्या शिफारशीचा, आणि तो अतारांकित म्हणून द्यायचा आहे. तक्ता प्रसिद्ध झाला की शेवटची तारीख कागदाच्या डोक्यावर लिहून मी त्या तरुण मुलाच्या टेबलापाशी जाईन, आणि बरोबर पोच घ्यायची दुसरी प्रतही नेईन. वहिनींनी त्यांच्या पासबुकाची झेरॉक्स माझ्याकडे देऊन ठेवली आहे. ती लोकसभेला लागत नाही, हे मी त्यांना सांगितले, तरी त्या म्हणाल्या, "असू दे तुमच्याजवळ."