जांभळी पानं आणि पांढरी मुळी

जानेवारीत नारायणगावच्या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये असतात आणि नेमकी तेव्हाच पहाटेची थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते. माझी रोपवाटिका याच भागात आहे. या दिवसांतले फोन बहुतेक एकाच तक्रारीचे असतात : रोप वाढत नाही, पान मागून जांभळं पडलंय. त्या सकाळचा फोन मात्र वेगळा होता.

"ताई, मर लागलीय. कालपासून ट्रेच्या ट्रे माना टाकतायत. बुरशीनाशक मुळाशी ओतायला, आळवणी करायला घेतलीय, कोणतं टाकू?"

"काही टाकू नका. मी येते," म्हटलं आणि गाडी काढली.

शेतकऱ्यानं घरीच रोपं केली होती. साधं पण नीट बांधलेलं शेडनेट, 104 कप्प्यांचे ट्रे, त्यात मातीऐवजी कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीन आठवड्यांच्या आतलं रोप. फोन मुलानं केला होता; नाना, म्हणजे त्याचे वडील, दारातच उभे होते. हातात पंप तयार.

मर रोग मी खूप पाहिलाय. त्यात खोड मातीलगत पाणी धरल्यासारखं होतं, दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. एखाद्या कोपऱ्यात सुरुवात होते आणि तिथून चट्टा पसरत जातो. इथं खोडं टणक होती. पानांच्या कडा मात्र करपल्या होत्या, त्याही सगळीकडे सारख्या, आणि ट्रेच्या बाहेरच्या ओळी जास्त, कारण त्या लवकर सुकतात. खालचं कोकोपीट ओलं आणि वर रोप सुकलेलं. पाणी असून रोपाला ते पिता येत नव्हतं. वर बोट फिरवलं तर पांढरट पापुद्रा हाताला लागला.

एक रोप मुळाभोवतीच्या कोकोपीटच्या गठ्ठ्यासकट उपसलं. या वयात गठ्ठ्याभोवती पांढऱ्या मुळीचं जाळं दिसायला हवं. इथं मुळ्यांची टोकं तपकिरी होऊन थांबली होती.

"काय काय दिलंय?"

मुलानं काही न लपवता सांगितलं, त्याचं मला बरं वाटलं. पानं जांभळी पडली म्हणून दुकानात विचारलं, तर फॉस्फरस कमी पडतोय असं उत्तर मिळालं. मग 12:61:00 या फॉस्फरसच्या विद्राव्य खताची आळवणी, 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. सोबत मुळीसाठी म्हणून ह्युमिक ॲसिड. फरक दिसेना म्हणून एक दिवस सोडून पुन्हा तेच, आणि तिसऱ्या वेळी त्यात 'पांढऱ्या मुळीची', म्हणजे नवी मुळी फुटेल म्हणून विकली जाणारी, एक बाटली. "ते औषध फाटलं पण ताई, ड्रमच्या तळाला काळा गाळ बसला." बसणारच. ह्युमिक अल्कलीत विरघळतं. आम्लधर्मी 12:61:00 आणि आपल्याकडचं क्षाराचं पाणी एकत्र आलं की ते साकळतं.

लिटरला पाच ग्रॅम म्हणजे कोवळ्या रोपासाठी फार झालं. माझ्याकडे पहिली खरी पानं फुटल्यावर विद्राव्य खत सुरू होतं, तेही लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून, फार तर एक ग्रॅम. त्याआधी रोप बियातल्या शिदोरीवर आणि बीजदलांवर जगतं, त्याला बाहेरचं काही लागत नाही. शेतात मुळीला खारट जागा टाळून पलीकडे जाता येतं. ट्रेच्या कप्प्यात वीस-पंचवीस मिलिलिटर कोकोपीट असतं. तिथं टाकलेला प्रत्येक कण तिच्या अंगावरच राहतो.

कोकोपीट मुठीत पिळून पाणी काढलं आणि पाण्यातले क्षार दाखवणारा ईसी मीटर लावला. साडेपाचच्या वर. त्यांच्या विहिरीचं पाणी 0.8 होतं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "ती मागची रांग बरी हाय बघा. पंप संपला व्हता, तिथं द्यायचं राहून गेलं."

मी त्या रांगेकडे जवळजवळ धावलेच. रोपं बुटकी होती, पानं मागून जांभळीच होती, पण ताठ उभी. गठ्ठा उपसला तर मुळी पांढरीशुभ्र. पिळून मोजलं : 1.1. दोन्ही गठ्ठे नानांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. मला पुढं फारसं समजावावं लागलं नाही.

जांभळा रंग थंडीचा होता. कोकोपीट गार पडलं की मुळीला फॉस्फरस नीट उचलता येत नाही. तो समोर असला तरी नाही. वरून आणखी ओतलं तर खाल्लं जात नाही, फक्त क्षार साचतात. दिवस तापू लागले की ही पानं बहुतेक आपोआप हिरवी होतात.

ती बाटली मी उजेडात धरून वाचली. आत काय आहे, किती आहे, काहीच लिहिलेलं नव्हतं. अशी वाढीला चालना देणारी जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तरी अशा बाटल्या गावोगाव दिसतात, आणि मला याचा राग येतो. मुळ्या फोडणारं संजीवक डाळिंबाच्या गुटीला (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून कलम करतात, तिला) किंवा द्राक्षाच्या काडीला कामाचं, कारण तिथं मूळ नसतंच, ते फुटवायचं असतं. टोमॅटोच्या रोपाला स्वतःचं मूळ असतं. तसलं संजीवक जास्त झालं तर मुळीची लांबीच थांबते. या बाटलीत तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण आत काय आहे ते लिहिलेलं नाही, अशी बाटली ट्रेजवळ नेऊ नये, एवढं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

मग कामाला लागलो. ट्रे जमिनीवर टेकलेले होते, तळाची भोकं बुजली होती. आधी विटांवर फळ्या टाकून ते उचलले. टाकीतलं पाणी रात्रभर गार झालेलं, म्हणून विहिरीचं ताजं, कोमट पाणी घेतलं. झारीनं प्रत्येक ट्रेला वरून पाणी, खालून भरपूर निथळेपर्यंत, थोडं थांबून पुन्हा. खालचं पाणी आधी चहासारखं काळपट आलं, मग निवळत गेलं. दुपारी पिळून मोजलं तेव्हा आकडा दोनच्या खाली होता.

पुढचं सांगून निघाले : नवीन पांढरी टोकं दिसेपर्यंत खत नाही, ह्युमिक नाही, काही नाही. पाणी ऊन वर आल्यावरच, संध्याकाळी नको. रात्री क्रॉप कव्हर, म्हणजे थंडीपासून जपणारं पातळ कापड, टाका, सकाळी काढा. कोकोपीट वरून थोडं सुकू द्या. मुळी ओलीच्या शोधात खाली उतरते, सतत चिखल असला तर ती बसून राहते.

करपलेल्या ट्रेंपैकी जवळपास तिसरा हिस्सा टाकावाच लागला. बाकीच्यांना आठवड्याच्या आतच नवी मुळी सुटली, मुलानं फोटो पाठवला. त्यानंतर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आणि लागवड ठरल्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी.

लागवडीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. "ताई, 12:61:00 उरलंय, फेकू का?"

"फेकता कशाला? रोप बेडवर लागलं की पहिले चार-पाच दिवस नुसतं पाणी. रोप उभं राहिलं की ठिबकमधून थोडं थोडं सोडा. आणि ह्युमिक द्यायचं झालं तर त्याच दिवशी नको, वेगळ्या दिवशी."