एमएच नंबरप्लेट घेऊन गोव्यात

गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा हे सासरचं कुलदैवत, त्यामुळे वर्षाकाठी एक फेरी ठरलेली. आजवर एसटीनं जायचो. यंदा मी कोल्हापूरहून गाडी काढली. नवऱ्याला चालवता येत नाही. तो शेजारी मोबाइलवर नकाशा धरून, सासूबाई मागे ओटीची पिशवी मांडीवर घेऊन.

टोलचा ताप गोव्याआधीच झाला. एका नाक्यावर फास्टॅग वाचलाच गेला नाही आणि बूथमधला मुलगा म्हणाला, रोख द्या, दुप्पट. टॅग चालू, खात्यात पैसे, बिघाड नाक्याच्या यंत्रात. असं असेल तर शून्य रकमेची पावती देऊन गाडी फुकट सोडायची, हा नियम २०१८ पासून आहे. तो मी सांगितला. मागे हॉर्न सुरू झाले तेव्हा कुठे सुपरवायझर हातातलं मशीन घेऊन आला आणि एकपट पैसे कापून मोकळा झाला. भांडायला अंगात जोर उरला नव्हता.

आंबोली उतरून बांदा, मग गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी. तिथून कवळ्यापर्यंत टोलनाका एकही लागला नाही. पर्वरीला मात्र उड्डाणपुलाच्या कामानं रस्ता इतका वळवलाय की पणजी टाळून मांडवी ओलांडणाऱ्या अटल सेतूवर चढायचं सोडून मी जुन्या पुलावर गेले आणि थेट पणजीत शिरले. एकदिशा रस्त्यांवर तीन चकरा मारून रायबंदरमार्गे बाहेर पडलो.

पुढे एका चौकात शिट्टी. आमच्या पुढच्या दोन जीए गाड्या सुटल्या, आम्ही बाजूला. पोलीस नवऱ्याच्या खिडकीशी आला. "खंयच्यान आयल्यात?" स्टिअरिंग माझ्या हातात, प्रश्न त्याला! लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, सगळं डिजिलॉकरमध्ये दाखवलं. "ओरिजिनल?" हेच कायद्यानं चालतं म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही. वाकून मागे बघितलं.

"आजींचा पट्टा?"

इथे तो बरोबर होता. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे, दंड हजार रुपये, आणि मला ते ठाऊक होतं. गावात कोण विचारतंय म्हणून आमचे मागचे पट्टे सीटकव्हरखाली गाडलेले. सासूबाई म्हणाल्या, "अहो साहेब, देवीला चाललोय." साहेब हसले. मग नवऱ्याला हळूच, "पावती केली तर हजार. बघा."

त्या 'बघा'वर नवऱ्याचा हात खिशाकडे गेलासुद्धा. मी म्हटलं, पावतीच करा. बाणेदारपणा वगैरे काही नाही, टोलपासूनचा राग साठला होता इतकंच. मग मशीनला रेंज नाही, मग बॅटरी नाही. तोडपाण्याला दोन मिनिटं पुरली असती, पावतीला पाऊण तास. तेवढ्या वेळात मी कव्हर उसवून पट्टा बाहेर काढला.

ई-चलान झालं, पण मेसेज आला नाही. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, कधीच बंद पडलेला. शेवटी रात्री परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून शोधलं आणि भरलं. तुमच्या आरसीला कुठला नंबर आहे ते निघण्याआधी बघून घ्या. दुसऱ्या राज्यातलं चलान असं गुपचूप पडून राहतं.

परतताना गोव्यात आणखी एकदा थांबवलं, लगेच सोडलं. बांद्याजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर मात्र डिकी उघडावी लागली. गोव्याची दारू परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही, म्हणून ती तपासणी. आमच्याकडे नारळाचं पोतं आणि काजू. शिपायानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. सासूबाई पट्टा लावून ताठ बसलेल्या. "नारळच आहेत, मोजून घ्या हवं तर," त्या म्हणाल्या.

त्यानं खरंच दोन वर काढून हलवून बघितले, मग म्हणाला, "जावा."