पाच किलो कणीक आणि बर्डीच्या तीन चकरा

छातीशी लेकरू बांधून फिरणारा बाप नागपुरात अजून लोकांना नवलाचा वाटतो. मेट्रोत एका आजीनं सरळ विचारलं, "काहून बांधून ठेवलं बाप्पा लेकराले?" त्याचं मला काही नाही. राग आहे तो बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, त्या दुकानाचा, जिथून लेकरू छातीशी बांधायचा पट्ट्यांचा बेबी कॅरिअर घेतला. चार महिने झाले, अजून उतरलेला नाही.

बायकोचं सिझर झालेलं. कॅरिअरच्या कंबरपट्ट्याचा टाक्यांवर दाब आला असता, म्हणून लेकीला घेऊन फिरायचं काम माझ्याकडे आलं. लेक अडीच महिन्यांची, वजन पावणेपाच किलो. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले, त्याच संध्याकाळी बेबी कॅरिअर घरात.

"लेकरू नंतर. आधी हे घालून फिर," म्हणत आईनं पाच किलो कणकेची थैली पुढ्यात ठेवली. गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या आणि पाहतो तर थैली पोटावर उतरलेली. डाव्या खांद्याचा पट्टा बकलातून सरकत होता. पट्ट्यावर पेनानं खूण केली, पुन्हा दहा मिनिटं चाललो. खूण चार बोटं सरकली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं बकल ओढून पाहिलं. "नवीन आहे ना भाऊ, सैल राह्यते. वापरलं की बसते." बसेपर्यंत त्यात लेकरू ठेवायचं का, असं विचारलं तर म्हणे शेठ जेवायला गेलेत. एप्रिलची दुपार, मी स्टुलावर, कूलरचं तोंड गल्ल्याकडे. पाऊण तास बसलो. शेठ काही आले नाहीत.

दुसऱ्या चकरेला शेठ भेटले. त्यांनी बिलावरची ओळ बोटानं दाखवली: 'विकलेला माल परत घेतला किंवा बदलला जाणार नाही.' वर, खोका तुम्ही उघडलाय. खोका न उघडता पट्टा सरकतो हे कळणार कसं? यावर शेठ फोनवर बोलायला लागले.

घरी येऊन वाचत बसलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तो मोबाइलमध्ये टाकला आणि तिसऱ्या चकरेला कणीकच सोबत नेली.

दुकानात गर्दी होती, बरंच झालं. थैली कॅरिअरमध्ये बसवली, पेनाची खूण चारचौघांना दाखवली आणि रॅकांमधून फेऱ्या मारायला लागलो. पोरगं हसत होतं. सहाव्या फेरीला थैली बेंबीशी आली. कोपऱ्यातली एक गरोदर बाई नवऱ्याला म्हणाली, "चला, आपण दुसरीकडं पाहू." शेठ तिथल्या तिथं उठले. १९१५ उच्चारावासुद्धा लागला नाही. बिल जपून ठेवा, खोकाही फेकू नका.

बदली घेताना साडेआठशे वर भरून रुंद बैठकीचा घेतला. पहिला तसाही चुकलाच होता. अरुंद पट्टीवर तान्ह्याचे पाय नुसते लोंबतात आणि खुब्याच्या सांध्यांवर ताण येतो. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत मांड्यांना आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा वर. हे मी आईला हातवारे करून समजावत होतो, तर तिनं ताईच्या वर्षाच्या पोराला उचलून कडेवर घेतलं. "हे काय मग?"

खरं भ्यायचं ते हनुवटीला. ती छातीवर टेकली की तान्ह्याची श्वासवाट दबते, आणि ते रडतही नाही, म्हणून कळत नाही. हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत. तोंड-नाक कपड्याखाली नको, सतत दिसायला हवं. आपण मान वाकवली की टाळूचा मुका घेता यावा इतकं बाळ वर हवं. चार महिन्यांच्या आतलं किंवा दिवसांआधी झालेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. तोंड बाहेर करून बसवायची घाई मान धरण्याआधी अजिबात नको.

मानेमागच्या बकलापर्यंत हात पोचत नव्हता. आठवडाभर बायकोला हाका मारल्या. मग कळलं, पट्टे सैल असतानाच ते लावायचं आणि नंतर काखेखालचे पट्टे ओढायचे. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला तर खांदे दुखत नाहीत. मी तो पँटच्या बेल्टसारखा खाली बांधत होतो.

मे महिन्यात दहानंतर बाहेर काढलंच नाही. सकाळी सहाला फुटाळा तलावावर एक चक्कर, बस्स. कॅरिअर म्हणजे तिच्या अंगावर एक जादा कपडा आणि शिवाय माझ्या पोटाची ऊब. आत नुसतं सुती झबलं घालायचं, मानेमागे हात लावून पाहत राहायचं.

हो, आणि गॅसपाशी नको, हातात गरम चहा नको. साळा म्हणाला, बांधलीच आहे तर अॅक्टिव्हावर नेऊ. त्याला तिथंच उभं करून मेट्रोनं गेलो.

नव्या कॅरिअरच्या पट्ट्यावरही पेनानं खूण केली आहे. दर सोमवारी पाहतो. अजून तिथंच आहे.